शेतकरी सापडतो, ‘शेतकऱ्यांना’ सापडत नाही!

परभणी म्हणजे कृषी विद्यापीठाचं गाव. इथे ‘शेतकऱ्यांना’ टाइप न करता कुणाचा दिवस जातो? पण मोठ्या फाइलीत तोच शब्द शोधला की कधी कधी निम्मेच सापडतात. फाइल बिघडलेली नसते.

यूनिकोडमध्ये या शब्दातला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ (कोड ०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जॉइनर. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ बघा: दिसायला डिट्टो, आतून वेगळे! पहिली रीत इस्की या भारतीय मानकाशी जुळणारी, दुसरी यूनिकोड २.० शी सुसंगत राहावं म्हणून ठेवलेली. तुमच्या फाइलीत कोणती येणार, हे कीबोर्ड ठरवतो. यूनिकोडचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. (माझा खरा राग यावर!)

कोड लिहिणाऱ्यांनो, शोधण्याआधी दुसऱ्या रीतीचं पहिल्या रीतीत रूपांतर करा. एका ओळीचं काम आहे. पण आळसाने सगळे जॉइनर सरसकट उडवू नका. ‘दर्‍या’मधला जॉइनर गेला की रफार डोक्यावर चढतो आणि बालाघाटातल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो.