नव्याने ताब्यात आलेल्या जागेतील दुर्लक्षित नाडेप टाक्यांचे पुनरुज्जीवन : एक विवेचन

प्रस्तावना :
शेतजमीन किंवा बागेची जागा नव्याने ताब्यात आली की विहीर, बांध, वीजजोडणी आणि जमिनीचा पोत यांची पाहणी प्रथम केली जाते. कोपऱ्यातील खताच्या टाक्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वर गवत माजलेले, विटा निखळलेल्या आणि आत काय दडले आहे याचा अंदाज नाही, असे त्याचे रूप असते. अशा वेळी एक तर आतील कचरा पेटवून दिला जातो, किंवा काळसर दिसणारा भाग तयार खत समजून थेट वाफ्यात पसरला जातो. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. दुर्लक्षित टाके निकामी झालेले नसते. त्यातील कुजण्याची क्रिया थांबलेली असते आणि ती थांबण्याचे कारण प्रत्येक थरात वेगळे असू शकते. हे कारण ओळखून टाके पुन्हा कसे चालू करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाविद्यालयाच्या परिसरात उत्साहाने बांधलेल्या व पुढे विस्मरणात गेलेल्या टाक्यांनाही ते लागू पडते.

पार्श्वभूमी :
शास्त्रीय कंपोस्टनिर्मितीचा आपल्याकडील पाया इंदूर येथे घातला गेला. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी तेथील प्रयोगांवर आधारित ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत देणारी पद्धत विकसित केली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा या विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेली असतात. एका भरणीस साधारणतः १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो चाळलेली माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते. योग्य निगा राखल्यास तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. निगा सुटली की प्रथम पाणी तुटते आणि नंतर छिद्रे बुजतात.

विषय विवेचन :
१) थरांची पाहणी : हातमोजे व बूट घालून, काठीने चाहूल देत टाके उघडावे, साप व विंचू यांना ही जागा प्रिय असते. वरचा थर बहुधा कोरडा असतो. मधल्या थरात पांढरट बुरशीचे धागे दिसल्यास ओलावा अपुरा पडला असे समजावे. तळाचा थर काळा, भुसभुशीत व पहिल्या पावसातील मातीसारखा वास येणारा असेल, तर ते खत आहे. तो चिकट व कुजकट वासाचा असल्यास तेथे हवा पोहोचलेली नाही.

२) निवड : प्लॅस्टिक व काच वेगळी करावी. हराळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गाठी वेचून उन्हात पूर्ण वाळवाव्यात. त्या खताबरोबर वाफ्यात गेल्यास पुढील कित्येक हंगाम खुरपणीत जातात. हुमणीच्या तसेच नारळाला उपद्रव करणाऱ्या गेंडा भुंग्याच्या पांढऱ्या, जाड अळ्या अशा ढिगांत वाढतात. त्या वेचून नष्ट कराव्यात.

३) पुनर्भरण : बुजलेली छिद्रे मोकळी करून भिंत दुरुस्त करावी. अर्धवट कुजलेला भाग शेणकाल्यासह थराथराने पुन्हा भरावा. पूर्ण वाळलेला पाला पाणी चटकन धरत नाही, म्हणून प्रत्येक थर सावकाश भिजवावा. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये, एवढाच ओलावा इष्ट होय. कर्ब-नत्र गुणोत्तर आरंभी ३० : १ च्या आसपास असावे. वाळक्या पाल्यात कर्ब फार असल्याने शेण, हिरवे गवत किंवा भाजीचा कचरा मिसळणे आवश्यक ठरते. चिकट थरात मात्र पाणी न घालता काड्या व कोरडा पाला मिसळावा. शेवटी शेणमातीने लिंपून घ्यावे व भेगा पडताच त्या बुजवाव्यात.

४) परिपक्वतेची कसोटी : तळातील काळा भाग थेट वापरण्यापूर्वी तो मातीत मिसळून कुंडीत अळीव पेरावे व शेजारी नुसत्या मातीतही पेरावे. दोन्हीकडे उगवण सारखी झाल्यास खत पक्व समजावे. अपक्व खतातील सूक्ष्मजीव कुजण्यासाठी जमिनीतील नत्र ओढून घेतात, पीक पिवळे पडते आणि दोष जमिनीला दिला जातो.

जाळण्याचा प्रश्न :
पाला जाळल्याने जागा तासाभरात स्वच्छ होते; पण त्यातील सेंद्रिय कर्ब व बहुतांश नत्र हवेत जाते आणि हाती केवळ राख उरते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

निष्कर्ष :
१) टाके रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक थराचे स्वतंत्र निदान करणे आवश्यक आहे.
२) कोरडेपणा, हवेचा अभाव व नत्राची उणीव ही क्रिया थांबण्याची प्रमुख कारणे असून तिन्ही अल्प खर्चात दूर करता येतात.
३) टाके बांधणे हे एकदाचे काम असले, तरी त्याला पाणी देणे हे नित्याचे काम आहे. त्यासाठी जबाबदार व्यक्ती निश्चित नसल्यास दुरुस्त केलेले टाकेही पुन्हा ओस पडेल. महाविद्यालयात ही जबाबदारी विद्यार्थ्यांच्या गटाकडे द्यावयाची झाल्यास दीर्घ सुट्टीतील व्यवस्था आधीच ठरवावी. कारण उन्हाळ्याच्या सुट्टीतच टाक्याला पाण्याची सर्वाधिक गरज असते.