बर्फ तिकडे वितळला, पाऊस इकडे आटला

गुलमंडीत दोन बायका भेटल्या की साड्यांच्या आधी पाण्याचा विषय निघतो. 'तुमच्याकडे आज आलं का?' म्हटलं की 'काय?' असं कुणी विचारत नाही. काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट या शहरानं कित्येक वर्षं पाहिली आहे. नळाचं पाणी जायकवाडीचं आणि जायकवाडीचं पाणी पावसाचं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण या पावसाचा एक धागा पार उत्तर अटलांटिक समुद्रापर्यंत, तिथल्या बर्फापर्यंत जातो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी स्वयंपाकघरात एक प्रयोग करून बघा. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी घ्या आणि त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा. वाटीतल्या साध्या पाण्यात चिमूटभर खायचा रंग घाला. हे रंगीत पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू ग्लासात सोडा. ते वरच राहील. खारं पाणी जड, गोडं हलकं.

समुद्रातही हेच चालतं. उष्ण भागातलं खारं पाणी उत्तर अटलांटिककडे वाहत जातं. तिथे ते आपली ऊब हवेला देतं, गार होतं, जड होऊन खाली बुडतं आणि तळाकडून दक्षिणेला परततं. रहाटगाडग्यासारखं हे चक्र फिरत राहतं आणि पृथ्वीवरची उष्णता वाटून देतं.

हिमयुग संपत असताना उत्तर अमेरिकेवरचा प्रचंड बर्फ वितळू लागला. ते गोडं पाणी समुद्रावर पसरलं, वरचं पाणी खाली जाईना आणि रहाट मंदावला. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तरेत पुन्हा कडक गारठा आला आणि तो ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकला. त्यामागे हेच पाणी असावं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. पुढे सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी बर्फानं अडवलेलं अगॅसिझ सरोवर फुटून हडसनच्या उपसागरात रिकामं झालं, तेव्हाही थंडीचा असाच एक फेरा आला.

मग यात आपलं काय? उत्तर गोलार्ध गारठला की पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि आपले मोसमी वारे दुबळे होतात. अरबी समुद्राच्या तळचा गाळ आणि ओमानच्या गुहांमधले चुनखडीचे खांब यांत त्या कमी पावसाच्या खुणा सापडल्या आहेत.

एक साक्षीदार तर आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणारचं सरोवर. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी त्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. सुमारे ११,४०० वर्षांपूर्वी इथला पाऊस वाढला, असं तो गाळ सांगतो. म्हणजे तिकडचा गारठा सरला आणि त्यानंतर इकडे पावसानं जोर धरला!

अर्थात, प्रत्येक दुष्काळाचं खापर बर्फावर फोडता येणार नाही. लोणारच्या गाळात ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक लांबलेला दुष्काळही दिसतो. त्याचा संबंध संशोधकांनी प्रशांत महासागराच्या तापमानाशी जोडला. २०१५ साली पाऊस रुसला, तेव्हाही प्रशांत महासागरात एल निनो होता. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

पण बर्फाची गोष्ट जुनी झालेली नाही. ग्रीनलंडचा बर्फ घटतोच आहे. अटलांटिकमधल्या या रहाटाचा वेग २००४ पासून यंत्रांनी सतत मोजला जातो. या शतकात तो मंदावेल, असं २०२१ च्या जागतिक हवामान अहवालात म्हटलं आहे. २१०० च्या आत तो एकाएकी बंद पडण्याची शक्यता कमी. मात्र तसं झालंच, तर आशियातला मोसमी पाऊस दुबळा होईल, असंही त्यात नोंदवलं आहे.

ग्रीनलंडचा बर्फ आपल्या हातात नाही. धूर आणि इंधन थोडंफार आहे, गच्चीवर पडणारं पाणी तर पूर्ण आहे. ते गटारात जाऊ द्यायचं की बोअरच्या शेजारी जिरवायचं, हा विषय यंदा पावसाच्या आधीच भिशीत आणि सोसायटीच्या बैठकीत काढा. पाण्याची वाट आपणच बघतो, तर त्याचा निर्णय घेतानाही आपण पुढे असायला हवं.