एका टोचणीत दोन लसी : सशाच्या रक्ताची साक्ष

मृग तोंडावर आला की लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावी गोठ्यातील जनावरांना घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घेण्याची वेळ येते. या दोन रोगांची एकत्रित लसही मिळते. तेव्हा शेतकऱ्याच्या मनात दोन विचार येतात. एका सुईत दोन लसी घातल्या तर एकीने दुसरीचा जोर कमी होणार नाही काय? आणि होत नसेल, तर निरनिराळ्या कुप्यांतील लसी घरीच एका पिचकारीत ओढून घेतल्या तर काय बिघडले? पहिली शंका रास्त आहे. दुसरी युक्ती मात्र घातक आहे.

या प्रश्नांचा उलगडा पुष्कळ अंशी सशाने केला आहे. ससा पाळावयास सोपा, आणि त्याच्या कानाच्या कडेच्या शिरेतून थोडे रक्त पुन्हा पुन्हा काढता येते. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम सशांवरच अजमावली व मगच, १० जानेवारी १८९७ रोजी, स्वतःला टोचून घेतली.

सशाला मारलेले रोगजंतू टोचले की सुमारे आठवड्याने त्याच्या रक्तात त्या जंतूंशी झुंजणारे प्रतिद्रव्य दिसू लागते. काही आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली तर ते अधिक लवकर व कितीतरी अधिक प्रमाणात तयार होते. रोगजंतूंबरोबर पोटातील जंतांचा अर्कही टोचला, तर शरीर दोहोंसाठी वेगवेगळी प्रतिद्रव्ये बनविते. परंतु ती नेहमीच सारख्या प्रमाणात बनत नाहीत. कधी एक घटक दुसऱ्यास साह्य करतो. मुलांच्या त्रिगुणी लसीतील डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू इतर दोन घटकांचा परिणाम वाढवितात. कधी उलट एक घटक दुसऱ्याला मागे सारतो. म्हणून एकत्रित लसीतील प्रत्येकाचे प्रमाण कारखान्यात ठरवून, तपासून घ्यावे लागते. घरच्या पिचकारीत ही तपासणी कोण करणार?

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट आहे ती पोटातल्या जंतांची. (जंतू आणि जंत यांत बोलताना घोटाळा होतो, येथे जंत म्हणजे डोळ्यांना दिसणारे कृमी.) मेलेल्या जंताचा अर्क आणि पोटात नांदणारा जिवंत जंत यांत मोठे अंतर आहे. जिवंत जंत आपल्या बचावासाठी अशी द्रव्ये सोडतो की, जनावराची प्रतिकारशक्ती मंदावते. शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या पोटातील रक्तपिपासू जंत तर रक्ताबरोबर प्रथिनेही ओढून नेतो, आणि प्रतिद्रव्ये प्रथिनांचीच बनलेली असतात. अशा खंगलेल्या शेळीला उत्तम लस टोचली तरी तिच्या अंगी पुरेसे बळ येत नाही. ती दगावली की दोष मात्र लसीला लागतो.

याच जंतावर ऑस्ट्रेलियात २०१४ पासून मेंढ्यांसाठी लस वापरात आहे. मेंढीच्या रक्तातील प्रतिद्रव्य जंत स्वतःच पितो व त्याचे आतडे निकामी होते. पण आरंभीच्या तीन मात्रांनंतरही ती लस दर सहा आठवड्यांनी द्यावी लागते. आपल्याकडील कळपवाल्याने सध्या औषधावरच भिस्त ठेवावी. लसीच्या साधारण पंधरा दिवस आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, जनावराच्या वजनाप्रमाणे जंतनाशक पाजावे. लस टोचल्यावरही बळ येण्यास दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे मृगापूर्वी जनावर सुरक्षित हवे असेल, तर जंताचे औषध एप्रिलअखेरच पाजून झालेले असावे.