प्रकाशाची पांढर

काशी करून आलेल्या माणसाची यात्रा घरी पोचल्यावर संपत नाही, असे खानदेशात मानतात. तापीकाठी प्रकाशाला येऊन पूजा केली की मग ती पुरी होते. म्हणून प्रकाशा ही ‘दक्षिण काशी’. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले हे गाव तापी आणि गोमाईच्या संगमावर वसले आहे. केदारेश्वर आणि काशी विश्वेश्वर इथे शेजारीशेजारी आहेत. संगमेश्वर आहे, पुष्पदंतेश्वर आहे. पुष्पदंत गंधर्वाने शिवमहिम्न स्तोत्र इथेच रचले, अशी गावाची श्रद्धा. दर १२ वर्षांनी सिंहस्थ आला की घाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

मला मात्र या गावात सगळ्यांत जास्त ओढ आहे ती पांढरीची.

पिकते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी, ही आपल्या शेतकऱ्यांची भाषा. मातीचे घर पडते, चुलीची राख साचते, त्यावर नवे घर उभे राहते आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या वर चढत जाते. प्रकाशाला ती सुमारे १७ मीटर चढली आहे. म्हणजे पाच मजली इमारतीएवढी, नुसती माणसांच्या राहण्याने!

१९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर यांनी ही पांढर वरून खालपर्यंत उकलली. वरच्या थरात अकराव्या शतकापर्यंतची वस्ती होती. त्याखाली सातवाहन काळ आणि त्यानंतरची शतके, आणखी खाली लोखंड वापरणारे लोक. त्यांच्या वस्तीत उत्तरेची काळी चकचकीत मृद्‌भांडी सापडली. गंगेच्या खोऱ्याशी नाव जोडलेली ही भांडी तापीपर्यंत आली होती! सगळ्यांत तळाशी ताम्रपाषाणयुगातले गाव. त्याचा काळ थापरांनी इसवी सनापूर्वी सुमारे १७०० ते १३०० असा धरला. त्या गावात गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती होती, माळव्याची रंगीत भांडी होती, गुजरातकडची तांबडी झिलईदार भांडी होती आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या जोर्वे पद्धतीचीही होती.

जोर्वे खापराला नखाने टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. पातळ, तांबडे, वर काळ्या रंगाच्या रेघांची नक्षी. आच कुठवर न्यायची हे त्या कुंभाराला नेमके ठाऊक होते. तीन हजार वर्षांनंतरही त्याचे काम वाजवून घेता येते, याचे मला फार अप्रूप आहे. माळवा, गुजरात आणि गोदावरी-प्रवरेचे खोरे यांची भांडी एकाच गावात मिळाली, म्हणजे तापीचे खोरे तेव्हाही रहदारीचेच होते.

थापरांच्या खोदकामाच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, लंडनमध्ये एका नव्या इमारतीसाठी जमीन खणताना रोमन काळातले मिथ्रास देवाचे मंदिर हाती लागले. मिथ्रास हे नाव इराणातून रोमकडे गेले. आपल्या वेदांतला ‘मित्र’ त्याच नावाचा भाऊबंद. सप्टेंबरात देवाचे संगमरवरी मस्तक सापडले आणि ते मंदिर पाहायला लोकांनी रांगा लावल्या. मंदिराचे अवशेष तिथून हलवले गेले होते, पण २०१७ साली ते जवळपास मूळ जागी, नव्या इमारतीच्या तळघरात परत मांडले गेले. आज कुणीही ते पाहू शकतो.

प्रकाशाला असे मस्तक मिळाले नाही. मिळाली ती खापरे, पाती आणि राख. पण लंडनचे ते मंदिर बांधले गेले, तेव्हा आपल्या पांढरीतली पहिली चूल विझून दीड हजारांहून अधिक वर्षे उलटली होती. थापरांचा अहवाल ‘एन्शंट इंडिया’च्या २०-२१ या जोडअंकात छापून आला आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही. जिथे ही खापरे निघाली त्या गावच्या पोरांनाही ती ओळखता यायला हवीत.

पांढरीची माती सकस म्हणून शेतात टाकायची, घराच्या धाब्यावर घालायची, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. तिच्यापायी कितीतरी जुनी गावे खणून संपली. प्रकाशाची संपू देऊ नका. केदारेश्वराच्या दर्शनाला गेलात तर मुलांना पांढर म्हणजे काय तेही तिथेच सांगा. पायाशी एखादे रंगवलेले खापर दिसले तर वाकून पाहा, पण उचलून घरी नेऊ नका. जागच्या जागी राहू द्या.