श्वास चालवणारे यंत्र

सिद्धगडाच्या पायथ्याचा आमचा मुलूख रानाला लागून आहे. पावसाळ्यात उंदीर घरात शिरतात. त्यांच्या मागे साप येतात. माणसे दिवसभर भाताची लावणी करून दमलेली असतात. जमिनीवर अंथरूण टाकून गाढ झोपतात. अशा वेळी मण्यार चावते.

मण्यार अंगाने काळी असते. अंगावर बारीक पांढरे पट्टे असतात. ती रात्री फिरते. तिचे दात लहान. त्यामुळे चावलेली जागा पुष्कळदा सुजत नाही, दुखतही नाही. पहाटे माणसाच्या पोटात दुखू लागते. मग पापण्या जड होतात. घोट गिळवत नाही. बोलणे नाकातून येते. घरची माणसे म्हणतात, “काहीतरी बाहेरचं झालंय.” भगताला बोलावणे जाते. तेवढ्यात श्वास मंद होत जातो.

असे का होते? आपली छाती लोहाराच्या भात्यासारखी आहे. छातीखाली एक मांसल पडदा आहे. तो खाली सरकला, बरगड्या वर उचलल्या, की छाती फुलते आणि हवा आत येते. मिनिटाला बारा ते वीस वेळा हे काम चालते. त्याचा हुकूम मेंदू देतो व तो मज्जातंतूंवाटे स्नायूंना पोचतो. मण्यारीचे विष हा हुकूम वाटेतच अडवते. भाता चांगला आहे, पण ओढणारा हात लुळा पडला, अशी गत होते. काळीज धडधडत असते. तरी हवा न मिळाल्याने माणूस दगावतो.

सर्पविषावरची लस दवाखान्यात टोचतात. ती रक्तातले विष मारते. पण मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना जी इजा आधीच केली, ती भरून यायला काही दिवस लागतात. तोवर रोग्यासाठी श्वास कोणी घ्यायचा? ते काम यंत्र करते. त्याला व्हेंटिलेटर म्हणतात.

डॉक्टर तोंडावाटे एक नळी श्वासनलिकेत घालतात. यंत्र त्या नळीतून हवा आणि प्राणवायू आत ढकलते. मिनिटाला किती वेळा, दर वेळी किती, हे डॉक्टर ठरवून देतात. नळी असेतोवर रोग्याला बोलता येत नाही. अन्न नाकातल्या नळीने देतात. कफ वरचेवर ओढून काढावा लागतो. नाहीतर फुप्फुसाला जंतूंची बाधा होते. म्हणून रात्रंदिवस राखण लागते.

ही रीत कशी निघाली? सन १९५२ मध्ये डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी पोलिओची मोठी साथ आली. मुलांचे श्वास बंद पडू लागले. यंत्रे फार थोडी होती. डॉक्टर इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली व रबरी पिशवी हाताने दाबून हवा दिली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले. त्या हातांनी कितीतरी जीव वाचवले. पुढे हाताचे काम यंत्राकडे आले. आजही यंत्र मिळेपर्यंत डॉक्टर अशीच पिशवी दाबत रोग्याला जगवतात.

आमच्याकडे एक बोलणे नेहमी ऐकू येते, “मशीनवर टाकलं, म्हणजे माणूस संपला.” हे खरे नाही. यंत्र रोग बरा करीत नाही. ते वेळ मिळवून देते. जर्जर झालेल्या शरीराला त्या वेळेचा उपयोग होईलच असे नाही. तेव्हा “याचा श्वास परत येईल का?” असे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे. पण मण्यार चावलेला माणूस धडधाकट असतो. तो हलत नाही, डोळे उघडत नाही, मेल्यासारखा दिसतो. तरी त्याला आपले बोलणे ऐकू येत असेल! अशा माणसाला घाईने घरी आणणे म्हणजे जिवंत माणसाची आशा सोडणे होय. काही दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी येऊ शकतो.

मात्र त्याला वेळेवर पोचवले पाहिजे. साप चावल्याचा संशय आला, तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडीला उशीर असेल, तर मिळेल त्या वाहनाने मुरबाड किंवा शहापूरचा सरकारी दवाखाना गाठावा. दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. रोग्याला चालवू नये. गिळता येत नसेल, तर पाणीसुद्धा पाजू नये, कुशीवर निजवावे.

आणि खाटेवर झोपावे. खाट नसेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्या. एवढ्याने मण्यार दूर राहते, आणि यंत्राची गरजच पडत नाही.