तकिट आणि रॅप

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम 2020 मध्ये आला. गट सुरू झाला होता 2013 च्या सुमारास. म्हणजे अल्बमची घाई कुणाला नव्हती, आणि हे बरंच झालं.

मधल्या काळात या पोरांनी तालाचं शिक्षण घेतलं. एमसी मवाली मराठी-हिंदीत रॅप करायचा, एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार गुजरातीत. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘त धोम’ प्रकल्पात त्यांना कोन्नक्कोल, म्हणजे कर्नाटक संगीतातले तोंडाने म्हणायचे बोल, शिकायला मिळाले. रॅपचा ठेका बहुधा चारचा. एका आवर्तनात सोळा बारीक मात्रा धरा आणि त्यांवर ‘तकिट’ हा तीन मात्रांचा बोल पाच वेळा म्हणा: पंधरा मात्रा भरतात, एक उरते. त्या उरलेल्या मात्रेवर शब्द कुठे आपटायचा, याचं भान आलं की रॅप नुसता वेगाचा खेळ राहत नाही.

विषयही मातीतले. 2019 च्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात मुंबईतल्या आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर गटाबरोबर गायले. ज्यांचं जंगल जात होतं, त्यांच्याच आवाजाला मध्यभागी जागा मिळाली. गटाचं खरं मोठेपण इथे दिसतं. त्याच वर्षी तोडफोडचा आवाज ‘गली बॉय’ या चित्रपटातूनही देशभर पोचला.

मार्च 2022 मध्ये त्याचा ‘ट्रुथ अँड बास’ हा स्वतंत्र अल्बम आला. त्याच महिन्यात, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो गेला.