कोल्हापूर: मैदान, नाट्यगृह, फौंड्री

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह पाठीला पाठ लावून बांधलेली आहेत. मैदान 1912 सालचं. नाट्यगृह 1915 सालचं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. दोन्ही शाहू महाराजांनी बांधून घेतली. पुढे महाराष्ट्राने यातलं मैदान तेवढं लक्षात ठेवलं. सिनेमा-मालिकांतला कोल्हापूरकर मिशीला पीळ देतो, चढ्या आवाजात बोलतो, तांबडा रस्सा ओरपतो आणि मनाने फार भला असतो. बाहेरचे लोक त्याला कौतुकाने ‘रांगडा’ म्हणतात. मला हे कौतुक अपुरं वाटतं. एका अख्ख्या शहराच्या बुद्धीकडे आणि हातातल्या कसबाकडे त्यामुळे दुर्लक्ष होतं.

गाण्यापासूनच बघू. उस्ताद अल्लादिया खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर दरबारी आले आणि 1922 मध्ये महाराजांचं निधन होईपर्यंत इथेच राहिले. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी हिंदुस्थानी संगीतात सर्वांत अवघड गणली जाते. अनवट राग, जोडराग, वळणावळणाने समेवर येणारी तान, यांतलं काहीच ऐकणाऱ्याला चटकन हाती लागत नाही. ही गायकी या गावात पाव शतकाहून अधिक काळ नांदली. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना शिकवलं. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी आधी भूर्जी खाँ यांच्याकडे आणि नंतर केसरबाई केरकरांकडे शिकल्या. गायन समाज देवल क्लबची सुरुवात तर त्याही आधीची, 1883 ची. ज्या दरबाराने मल्लांना खुराक दिला त्यानेच गवयांना मानधन दिलं, आणि एक कला दुसरीहून हलकी आहे असं तिथे कुणाला वाटलं नाही.

सिनेमाची गोष्ट मात्र दरबारातून सुरू झाली नाही, ती कारागिराच्या घरातून सुरू झाली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. पेंटर हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं. हलती चित्रं पाहिल्यावर दोघांनी कॅमेरा स्वतः घडवायचं ठरवलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास कॅमेरा उभा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवलाचा आधार दिला तानीबाई कागलकर या गायिकेने. कंपनीच्या 1920 सालच्या ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. तेव्हा हे सोपं नव्हतं, फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीच्या भूमिकेत पुरुष उभा करावा लागला होता. पाच वर्षांनी आलेल्या ‘सावकारी पाश’मध्ये देवादिकांऐवजी सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आला. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 1929 मध्ये कोल्हापुरातच प्रभात ही चित्रपट कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये इथेच तयार झाला. पुढल्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, आणि आज बहुतेकांच्या मनात प्रभात म्हटलं की पुणंच येतं.

ज्या मेस्त्रीपणातून कॅमेरा निघाला, तोच पुढे उद्यमनगरात दिसतो. पंचगंगा-भोगावतीच्या काठी ऊस वाढला. उसाबरोबर पाणी उपसायला इंजिनं लागली, रस काढायला चरक लागले आणि ते दुरुस्त करणारे हातही लागले. दुरुस्ती करता करता सुटे भाग करणं आलं, त्यातून ओतकाम आलं. आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत शेकडो फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. देशभरच्या गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या आणि पंपांच्या इंजिनांतले बिडाचे भाग इथून जातात. फौंड्रीतलं काम अंगमेहनतीचं आहे, पण नुसत्या ताकदीने ते होत नाही. वाळूत ओल किती, साचा किती घट्ट ठोकायचा, वितळलेलं लोखंड ओतायला कधी घ्यायचं, हे नीट जमलं नाही तर कास्टिंगला भोकं पडतात आणि माल परत येतो. भट्टीसमोर दिवस काढणारा हा कामगार कोल्हापूरवरच्या कुठल्याही विनोदात नसतो, जाहिरातीतही नसतो. या शहराचा चेहरा निवडायचा तर मी त्याचा निवडेन.

कुस्तीची ओळख खोटी आहे असं मुळीच नाही. ती अर्धीच सांगितली जाते, इतकंच. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी तिथे मिळवलेल्या, स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकामागे एक कॉलेज उभं आहे हे कुस्तीच्या गप्पांत यायला हवं. आता तालमींचं म्हणाल तर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या संघांची म्हणून गाजतात. पेठांची ईर्षा तीच, खेळ बदललेला. बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा यांची परंपरा एकाच छपराखाली चालत आली आहे.

जेवणाबद्दल थोडकंच. हॉटेलच्या यादीतला ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा लालभडक प्रकार कोल्हापुरी घरांत कुणी रांधत नाही. तांबड्या रश्श्याच्या शेजारी जो पांढरा रस्सा येतो तो नारळाच्या दुधाचा, सौम्य आणि हात राखून केलेला असतो.

कोल्हापूरची एक प्रतिमा कोल्हापूरकरांनी स्वतः जपलेली आहे: शाहूंचं पुरोगामी शहर. तिला भक्कम आधार आहे. 26 जुलै 1902 चा निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा जातीधर्मांच्या मुलांसाठी निघालेली वसतिगृहं, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, हे सगळं कागदावर आणि इमारतींत आजही पाहता येतं. पण याच शहरात फेब्रुवारी 2015 मध्ये सकाळी फिरून येणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जून 2023 मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दगडफेक झाली. शाहूंचं नाव घेतलं की आपोआप सगळं निभावतं, हा समज रांगडेपणाच्या कौतुकापेक्षा जास्त घातक आहे, कारण त्यामुळे शहर स्वतःकडे बघायचं सोडतं.

पानसरे कामगारांचे वकील होते, ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका त्यांची. त्यांच्या खुनानंतर शहरातली माणसं महिन्याच्या 20 तारखेला, म्हणजे ते गेले त्या तारखेला, पहाटे एकत्र जमून चालू लागली. या उपक्रमाला त्यांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ असं नाव दिलं.